सालीखालचा हिरवा रंग

मेलेल्या काटकीवर काय काय जगते हे मला एका मडमेने शिकवले. ते शिकणे कुठपर्यंत चालते आणि कुठे येऊन थांबते, हेही मला तिच्याच तळावर कळले. आज तिची आठवण आली की धड राग येत नाही आणि धड मायाही वाटत नाही. तोंडात कुड्याची कडू साल चघळल्यासारखे होते, एवढेच.

पुण्याच्या मिशनच्या मुलींच्या शाळेतून मी घरी परत आले तेव्हा बाबांची खालापुराहून कर्जतच्या कचेरीत बदली झाली होती. ते तिथे अव्वल कारकून होते. भिसेगावात आम्ही भाड्याने घर घेतले होते. मी शाळेत असतानाच आई गेली होती. आम्ही आजोबांपासूनचे ख्रिस्ती. शेजारपाजार आमच्याशी वाईट वागत नसे आणि आम्हाला घरातही घेत नसे. माझ्या वयाच्या मुलींच्या कडेवर पोरे होती. मी नदीवर धुणे घेऊन गेले की त्यांचे बोलणे थांबायचे, आणि मी पिळे बादलीत टाकून वळले की पुन्हा सुरू व्हायचे.

मला ते सगळे समजायचे, पण त्यात शिरता यायचे नाही. लहानपणापासून उठणे इंग्रजीत, प्रार्थना इंग्रजीत, शिक्षा इंग्रजीत. मराठी माझ्यापाशी उरली होती ती मीठ, ताप आणि अंथरूण एवढ्यापुरती. मुळात मी लाजरी, त्यात हे असे. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी मनात वाक्य जुळवायला घ्यायचे, आणि ते जुळेपर्यंत माणसे दुसऱ्या विषयावर गेलेली असायची.

रोज आपणहून बोलणारी बाई एकच होती, दूध घालणारी. गावातल्या कुणब्याच्या घरची. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय म्हणायची. दूध मापून झाले की पायरीवर टेकायची, कमरेची मिश्री काढायची आणि माझी चौकशी करायची.

“काय गं बाय, आज किती सबूद बोललीस? दोन? तिसरा माझ्यासंगं बोल, नायतर जिभंवर बुरशी येल.”

मी हसायचे. तिला तेवढे पुरत असे.

थंडी पडली की जंगलखात्याचे साहेब दौऱ्यावर निघत, आणि कळंबच्या वाटेवरच्या एका आमराईत त्यांचा तळ पडे. त्या साली त्यांची थोरली बहीण बरोबर आली होती. तिला चिठ्ठ्या लिहायला चांगल्या अक्षराची, इंग्रजी येणारी मुलगी हवी होती. बाबांनी माझे नाव सांगितले. साहेबांच्या मर्जीत राहणे त्यांना गरजेचे होते. शिवाय मुलगी घरात मुकी बसते त्यापेक्षा बरे, असेही त्यांना वाटले असेल. आठवड्यातून एकदोनदा सकाळी तळावरची बैलगाडी मला न्यायला येऊ लागली.

मडम उंच होती, हाडापेराने मोठी, अविवाहित. केस पुरुषी टोपीखाली दाबलेले आणि बोटांना कायम मातीचा वास. पहिल्या दिवशी मला वाटले, ही फुले दाबून ठेवत असेल. आमच्या शाळेतल्या बाया ठेवत. तिच्या टेबलावर फुले नव्हती. वाळक्या काटक्या होत्या, बांबूची कुजकी पेरे, शिंदीच्या झावळीचे देठ, किड्यांनी खाल्लेली पाने. आमच्या घरी एवढा कचरा असता तर मी उचलून चुलीत घातला असता.

“फुलं सगळेच गोळा करतात,” ती म्हणाली. “फुलं स्वतःच हाक मारतात. मला हाक न मारणाऱ्या वस्तू आवडतात.” हे ती काटक्यांबद्दल बोलली की माझ्याबद्दल, ते मला त्या दिवशी कळले नाही.

मग तिने माझ्या हातात एक भिंग दिले आणि करंगळीएवढी राखाडी काटकी दिली. “डोळ्याला अगदी लावून धर. भिंग हलवू नकोस, काटकी हलव.”

मी तसे केले. आधी नुसता धूर दिसल्यासारखे झाले. मग एकदम सगळे स्पष्ट झाले आणि मी भिंग खाली ठेवून पुन्हा लावले. राखाडी म्हणून जे होते ते राखाडी नव्हते. पांढुरक्या पापुद्र्यांचे तुकडे एकमेकांना भिडले होते आणि प्रत्येकाच्या कडेने शाईने आखल्यासारखी काळी रेघ होती, भिंतीवरच्या नकाशात मुलुखांच्या सीमा असतात तशी. त्या पांढऱ्यात जागोजाग काळ्या वाट्या होत्या, मोहरीहून बारीक. आणि जिथे पांढरे संपून उघडी साल होती तिथे सालीतून फुटून वर आलेले काळे ओठ होते. दुसरा शब्द मला सुचत नाही. मिटलेले, लांबट ओठ, मधोमध एक चीर. शेकडो.

“पांढरं ते लायकेन,” मडम म्हणाली. “काळे ओठ ती बुरशी. दोघांची गल्लत करू नकोस.”

लायकेन म्हणजे काय ते तिने सांगितले तेव्हा मी चाचरत म्हटले की त्यातले एक आम्ही मसाल्यात घालतो, दगडफूल म्हणतो. ती इतकी हसली की बाहेरचा पट्टेवाला आत डोकावून गेला. मग तिने पापुद्र्यावर नखाने हलकेच ओरखडा काढून दाखवला. आत हिरवे होते, ओल्या गवतासारखे. लायकेन म्हणजे एक जीव नव्हे. बुरशी, आणि तिच्या पोटात कोंडलेले हिरवे, असे दोन मिळून ते होते. कोण कोणाला पोसते आणि कोण कोणाला लुटते यावर विलायतेतल्या विद्वानांची भांडणे आहेत, असे ती म्हणाली.

त्या थंडीत मी जे शिकले त्याने मला पहिल्यांदा वाटले की आपण कुठेतरी कामाच्या आहोत. वस्तऱ्याने काटकीवरच्या काळ्या ठिपक्याचा पापुद्रा कापायचा, इतका पातळ की त्यातून उजेड यावा. तो काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा, मडमेच्या सूक्ष्मदर्शक यंत्राखाली सरकवायचा. आत बुरशीची बीजे दिसत, चिंचोळ्या होड्यांसारखी, काहींत एकही पडदा नाही, काहींत अनेक. रंग कोणता, पडदे किती, टोके गोल की टोकदार, यावरून नाव ठरायचे. पिवळ्या लायकेनवर तीव्र क्षाराच्या पाण्याचा थेंब सोडला की एखादे तसेच पिवळे राही आणि एखादे रक्तासारखे लाल होई. वरून बघून दोन्ही सारखी. थेंब पडेपर्यंत कोण कोणते ते कोणालाच सांगता येत नसे. “वाटतं म्हणू नकोस,” मडम ओरडायची. “काय दिसतं ते सांग.”

माझ्यासारखीला ती मोठी सोय होती. वाटण्याचा प्रश्नच नव्हता. दिसते ते सांगायचे, आणि ते सांगायला लागणारे सगळे शब्द मला इंग्रजीतच मिळत होते.

काटक्या आणायला मी रानात एकटी जाऊ शकत नव्हते. त्याची गरजही पडली नाही. मावशीच्या शेताच्या बांधावर राबाचा ढीग होता. आमच्याकडे भाताचे बी टाकायच्या तुकड्याला दाढ म्हणतात. बी टाकायच्या आधी तिच्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत आणि माती थरांनी रचून ते सगळे जाळतात. त्यालाच राब म्हणतात. भाजलेल्या जमिनीतल्या तणाचे बी मरते आणि राखेवर रोप जोमाने येते. राबाशिवाय पेरलेले रोप पिवळे पडते आणि तणात गुदमरते. राबासाठी लोक थंडीत झाडांची हिरवी डहाळी तोडून वाळत घालतात. पण मावशीच्या मालकीची झाडे मोजकी, आदल्याच साली तोडलेली. त्यांना एक वर्ष विसावा द्यायचा होता. म्हणून त्या साली नवरा-बायकोने राखीव रानात पडलेल्या मेलेल्या फांद्या आणल्या होत्या. पडलेले, वाळलेले लाकूड डोक्यावरून आणायला मनाई नव्हती. कोयत्याने तुकडे करून, मोळ्या बांधून, मावशीने त्या बऱ्याचशा स्वतःच्या डोक्यावरून आणल्या होत्या. ऐन, किंजळ, कुडा, सगळे मिसळलेले. माझ्यासाठी ते भरलेले कपाट होते.

मी उन्हात बसून एकेक काटकी उलटीपालटी करायचे आणि मावशी शेण थापता थापता मला ऐकवायची, “मेल्या लाकडात नवरा हुडकतीस काय गं? गावला तर सांग. जिता तरी हाय का बघून घे.”

“आहे,” मी एकदा धीर करून म्हटले. “यावर बरंच काही जिवंत आहे.”

“तर! म्हनून तर जाळायचं,” मावशी म्हणाली.

फाल्गुनात एका सकाळी ती आली ती दुधाचे भांडे न घेताच. दारात उभी राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

“बाय, धन्यांना नेलं. राब जप्त केला.”

झाले होते असे. पहाटे चांगलेच दव पडले होते. उजाडताना जंगलचा शिपाई बांधावरून चालला होता, त्याने ढीग पाहिला. ओल्या फांद्या हिरवट दिसत होत्या. त्याने एक उचलली, अंगठ्याच्या नखाने सालीवर ओरखडा काढला, आणि आत हिरवे निघाले. दुसरी उचलली, तीही हिरवी. आमच्याकडे लाकूड जिते की मेले ते असेच बघतात. लहान पोरालाही विचारा. नखाखाली हिरवे आले तर जिते, तपकिरी आले तर मेले. शिवाय फांद्यांची टोके कोयत्याने कापलेली. राखीव रानातली जिती झाडे तोडल्याचा आळ आला.

“मी बोलले त्याला, बाबा, गेल्या साली वाऱ्यात पडलेलं हाय हे. तर तो म्हनतो, म्हातारे, माझं नख खोटं बोलतंय काय? कोंबडी मागत व्हता दिवाळीपासून. नाय दिली.” मग तिचा आवाज खाली आला. “राब गेला तर दाढ कशानं भाजू गं? आता कुठनं आनू एवढं? पाऊस काय थांबतोय माझ्यासाठी?”

मी भिंग घेतले आणि तिच्याबरोबर बांधावर गेले. दुसरा एक शिपाई राखणीला बसला होता. कारकुनाची मुलगी म्हणून त्याने मला हटकले नाही. नखाचे ओरखडे ताजे होते. मी भिंग लावले आणि मला जे दिसले ते अगदी सरळ होते. ओरखडा सालीवर नव्हताच. तो सालीवर पसरलेल्या लायकेनवर होता. दवाने ते टरारले होते आणि त्याच्या पोटातले हिरवे नखाखाली आले होते. मी चाकूने तिथेच थोडे खोल कापले. हिरव्याखाली साल तपकिरी, त्याखाली लाकूड तपकिरी, भुसभुशीत. आणि शेजारीच काळे ओठ, पिकलेले, चिरा उघडलेल्या. ही बुरशी मेल्या सालीवरच येते, आणि तिला पिकायला एक अख्खा पावसाळा लागतो. म्हणजे फांदी गेल्या मृगाच्याही आधी मेली होती. पौषात तोडलेल्या जित्या डहाळीवर फाल्गुनापर्यंत, कोरड्या दिवसांत, हे असे येऊच शकत नव्हते.

शिपाई खोटे बोलत नव्हता. कोंबडीचे खरे असेल, पण त्याने हिरवे पाहिले ते पाहिलेच होते. तेच मला फार भयंकर वाटले.

माझा जायचा दिवस नव्हता, तरी मी बाबांना न विचारता बाजारच्या एका गाडीत बसून तळावर गेले. मडम एकटीच होती. मी तिच्यापुढे दोन काटक्या ठेवल्या आणि सगळे सांगितले. आयुष्यात एवढे सलग मी कधी बोलले नव्हते. तिने भिंग लावले, काटकी फिरवली, आणि मान हलवली.

“अगदी बरोबर,” ती म्हणाली. “तुझं निरीक्षण उत्तम आहे.”

“मग तुम्ही साहेबांना सांगाल?”

तिने भिंग पुसायला घेतले. 

“मुली, मी माझ्या भावाच्या तळावर पाहुणी आहे. त्याच्या कामात मी बोलत नाही, माझ्या काटक्यांवर तो हसत नाही. आमचं असं ठरलेलं आहे.”

“पण हे खरं आहे.”

“खरं आहेच. पण हे वनस्पतिशास्त्र झालं. ते जंगलखातं.”

मला वाटते त्या क्षणी माझ्यातली जी मुलगी तिच्या टेबलाशी बसायची ती उठून गेली. तरी मी काटक्या परत मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमराईत साहेबांपुढे तो मामला निघाला. कचेरीचे कसले तरी कागद घेऊन बाबाही तिथे आलेले होते. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मावशीचा नवरा हात जोडून उभा होता. मागे गावातली माणसे उकिडवी बसली होती, मावशी त्यांच्यामागे. शिपायाने एक फांदी साहेबांच्या हातात दिली आणि त्यांच्यासमोर नखाने ओरखडा काढला. हिरवे आले. माणसांतून कोणीतरी जिभेने च्-च् केले.

मी पुढे गेले. कोणी बोलावले नव्हते.  मी साहेबांकडे न बघता फांदीकडे बघत बोलले, आणि इंग्रजीत बोलले. लायकेनला, त्यातल्या हिरव्याला, त्या बुरशीला, तिच्या पिकण्याला माझ्यापाशी दुसऱ्या भाषेत शब्दच नव्हते. मी ओरखडा दाखवला, तो वरच्या पापुद्र्यात कसा आहे ते दाखवले, चाकूने खाली कापून दाखवले, माझ्या काटकीवरचे काळे ओठ भिंगातून दाखवले आणि पावसाळ्याचा हिशेब सांगितला. साहेब खुर्चीत पुढे झुकले. त्यांनी भिंग घेतले, बघितले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“कुठल्या शाळेत शिकलीस?” त्यांनी विचारले.

मी सांगितले.

“उच्चार फार स्वच्छ आहेत. माझ्या बहिणीने तुला चांगलंच तयार केलं.” मग त्यांनी मान वळवून हाक मारली, “इकडे ये गं, हे बघ काय आणलंय हिने!”

मडम तंबूच्या दारातच उभी होती. ती आली. तिने माझी काटकी उजेडात धरली, भिंग लावले, आणि मग आदल्या दिवशी तिने पाहिले नव्हते ते तिला दिसले असावे. ओठांच्या शेजारी नारिंगी वाट्यांचा एक लहानसा झुबका होता. “ही माझ्याकडे नाही,” ती हळूच म्हणाली. “ही मी कुठेच पाहिलेली नाही.” तिने ती काटकी रुमालात गुंडाळली. साहेब हसले. मडमेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग साहेबांनी मावशीच्या नवऱ्याकडे तोंड केले आणि त्यांच्या त्या ठोकळ्या मराठीत निकाल दिला. राब जप्त. एक वर्ष राखीव रानात पाऊल टाकायचे नाही.

मला वाटले, मी सांगितलेल्याचा त्यांना विसर पडला. मी पुन्हा बोलू लागले. त्यांनी हात वर केला. रागाने नव्हे, मायेनेच म्हणायला हवे.

“तू म्हणतेस ते खरंही असेल,” ते इंग्रजीत म्हणाले. “पण माझा शिपाई नख लावून बघतो. त्याच्यापाशी नखच आहे. आज मी सगळ्यांसमोर त्याचं नख खोटं ठरवलं, तर उद्या हा अख्खा तालुका त्याला विचारील, तुझं भिंग कुठाय? हे चालायचं नाही. तुला ते समजेल, तू शिकलेली आहेस.”

ते मला समजले, हेच तर वाईट झाले.

 परतताना गाडीने नदी ओलांडल्यावर बाबा म्हणाले, “कोणी विचारलं होतं तुला?”

“कोणीच नाही.”

“मग? मला त्याच माणसासमोर उद्या उभं राहायचंय. तुझी बुरशी माझी भाकरी देत नाही.” थोड्या वेळाने ते खालच्या आवाजात म्हणाले, “बोललीस छान, पण.” ते ऐकून मला रडू आले, आणि ते का आले हे त्यांना कळले नाही.

मावशी दूध घालायला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, पुढेही नाही. काही दिवसांनी आमच्याकडे राहिलेले तिचे माप न्यायला ती आली, पायरीवर टेकली नाही.

“मावशी, बसा ना.”

“नको. शेरड्या सोडल्यात.” माप पदरात घेऊन ती वळली आणि मग थांबली. “एक इचारू का गं? आमी तुझं काय वाईट केलं व्हतं?”

मी पायरी उतरून तिच्यापुढे आले.

“मी बसले व्हते तितं मागं. तुझी भाषा नाय कळली, पर डोळं हायत मला. शिपायानं एकदा नख लावलं, तू चाकू लावून परत दावलंस, काच लावून दावलंस. सायब हसला. मडमनं पाठ थोपटली. तू काटकी दिलीस, तिनं ठेवून घेतली. आनी मंग राब गेला.” तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरे झाले असते. “माझ्याच ढिगातली काटकी व्हती ना ती?”

“मावशी, नाही हो. मी त्यांना सांगत होते की लाकूड मेलेलं आहे. ते हिरवं लाकडाचं नव्हतं.”

“लाकडाचं नाय तर कुनाचं?”

“त्याच्यावर... दगडफुलासारखं एक असतं. ते जिवंत असतं, लाकूड मेलं तरी. त्याच्या आत...” मी तिला समजेल असे बोलत होते आणि बोलता बोलता मलाच ते खोटे वाटू लागले. मसाल्यातल्या दगडफुलात हिरवे असते, ही कोणाला पटावी अशी गोष्ट आहे का?

मावशी मला न टोकता ऐकत राहिली. मग म्हणाली, “आसंल. पर मंग आमच्या बोलीत बोलायचंस गं. धनी तितंच हुबं व्हते, शिपाई व्हता, धा मानसं व्हती. कुनाला तरी कळलं आस्तं काय बोलतीस.” ती चालू लागली. जाता जाता स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाली, “मेल्या लाकडात म्हनं जितं आसतं.”

त्या साली त्यांनी दाढ न भाजताच पेरली. मी आषाढात तिकडून गेले. शेजारच्या दाढा काळ्याभोर राखेवर हिरव्यागार उभ्या होत्या आणि मावशीच्या तुकड्यात तण जास्त, रोप कमी, तेही पिवळट. लावणीला निम्म्या शेतालाही रोप पुरले नाही. उरलेल्यात पाणी साचून राहिले आणि त्यात बगळे चरत होते. भादव्यात तिचा नवरा घाटात रेल्वेच्या कामावर खडी फोडायला गेला. जप्त केलेला राब तळाच्या जागेवर पावसात पडून होता. त्यावर त्या पावसाळ्यात काय काय उगवले असेल याची मला कल्पना करता येते, पण मी ते बघायला गेले नाही. मडम तेव्हा साहेबांबरोबर पुण्याला गेली होती. तिचा निरोप आला की नारिंगी वाट्या विलायतेला पाठवल्या आहेत, बहुधा अगदी नव्या निघतील, आणि पुढच्या थंडीत मी नक्की यावे. मी बाबांना सांगून कळवले की माझी तब्येत बरी नसते.

पुढच्या थंडीत मी एक नवीनच गोष्ट पाहिली. माघ महिना असेल. भिसेगावच्या टोकाला चारपाच बायका उन्हात बसून विळ्याने मेलेल्या फांद्यांची साल सोलत होत्या. एकेक फांदी, बारीक काटकीसुद्धा, पांढरी होईपर्यंत. हात सोलवटलेले, बोटांना चिंध्या बांधलेल्या. सालीचा ढीग एका बाजूला धुमसत होता. शिपायाच्या नखाखाली पुन्हा हिरवे येऊ नये म्हणून गावाने काढलेली ही तोड होती. साल नाही तर ओरखडा कशावर काढणार? जी साल राबात जळून राख व्हायची ती अशी वाटेवरच जळत होती, आणि बायकांचे दिवसच्या दिवस त्यात जात होते. मावशी त्यांच्यात होती. तिने मला पाहिले आणि मान खाली घालून सोलत राहिली.

मी पुढे निघाले होते, तेवढ्यात तोच जंगलचा शिपाई समोरून आला. त्याने एक पांढरी सोललेली फांदी उचलली, उलटीपालटी केली, सवयीने अंगठ्याचे नख लावले. काहीच आले नाही.

“साल का गं काढली?” त्याने विचारले. “लपवायला काय व्हतं?”

 त्या बायकांतली एक तरुण बाई, मावशी नव्हे, विळा न थांबवता म्हणाली, “आमाला काय इचारता? ती बगा चाललीय कारकुनाची पोर. तिला इचारा. ती काच लावून सांगंल.”

त्या हसल्या. शिपाईही हसला. मग त्याने बगलेतली दोरी काढली आणि सोललेल्या फांद्या जप्त म्हणून मोळ्यांत बांधायला सुरुवात केली.